बंद लूमची हाक

गुलाम हुसेन छप्पनाव्या वर्षी वर्गात जायला लागला, तेव्हा आमच्या भिवंडीतल्या गल्लीत बोलवा झाली की म्हातारा शिकवणाऱ्या शैलाबाईंना बघायला जातो. ही पुडी कोणी सोडली, ते विचारू नका. ऐकणाऱ्यांना चहा मात्र मीच पाजला होता.

खरं कारण घरात होतं. त्याची बायको मेहरुन्निसा अर्धांगवायूनं खाटेला खिळलेली; आवाज चिमणीएवढा उरलेला. भिंतीपलीकडे त्याचे कापड विणायचे चार लूम, आणि तीस वर्षांच्या खडखडाटानं त्याचे अर्धे गेलेले कान. एकदा ती खाटेवरून पडली, हाका मारत राहिली. हा पाणी प्यायला घरात आला तेव्हा कळलं. त्याच आठवड्यात त्यानं इलेक्ट्रॉनिक्सच्या रविवारच्या वर्गात नाव घातलं. साल एकोणनव्वद.

शैलाबाई म्हणाल्या, "चाचा, बटण दाबलं, हे इनपुट. बझर वाजला, हे आउटपुट."

"म्हंजे आत सूत, बाहेर कापड."

"अगदी. आणि मध्ये तुम्ही."

"मधी लूम. मी निस्त्या शिव्या देतो."

दोन बोटं भाजून घेत त्यानं जोडणी केली. बटण बायकोच्या उशाशी, बझर लूमपाशी. मेहरुन्निसानं बटण दाबलं. बझर वाजला असणार. चार लूम चालू असताना तो कोणाला ऐकू येणार?

"भिवंडीत बझर," शैलाबाईंनी कपाळाला हात लावला. "चूक माझीच."

मग लूमच्या वर लाल बल्ब लावला. बल्ब इमानेइतबारे पेटत राहिला, आणि हा सुताकडे बघत राहिला. जन्मभर तुटका धागा शोधणारा माणूस वर कशाला बघेल?

शेवटी शैलाबाईंनी विचारलं, "चाचा, तुमचं लक्ष जातं तरी कशानं?"

"लूम थांबला की. झोपेतसुद्धा उठून बसतो मी."

"मग थांबणं हेच आपलं आउटपुट."

बल्बच्या जागी रिले आला, म्हणजे वीज तोडणारा आपोआप चालणारा खटका. उशाशी बटण दाबलं की तीन नंबरच्या लूमची मोटर बंद. पहिल्या दिवशी लूम थांबला तसा गुलाम हुसेन धोटा टाकून धावला. आम्ही दाराशी गर्दी केलेलीच होती.

"काय झालं? पडलीस?"

"न्हाय."

"पाणी हवं?"

"न्हाय हो."

"मग लूम का बंद केलास? आडवा धागा अर्धा राहिला माझा."

मेहरुन्निसानं चांगला हात त्याच्या बाहीवर ठेवला. "तीस वर्षं त्या चार लूमच्या आवाजात तुम्ही माझं ऐकलं न्हाय," ती हळूच म्हणाली. "आज पहिल्या हाकेला आलात."

तो खाटेच्या कडेला टेकला. आम्हाला डोळ्यांनीच हाकललं. भिंतीपलीकडे तीन लूम चालत होते, आणि थांबलेला सुरू करायला तो बराच वेळ उठला नाही.