बाई माफी मागायला आल्या

बाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्याचा फोन आला तेव्हा मी माहेरी, धुळ्याला होते. जळगावला मेहरूण भागातल्या घरी पोहोचले तर अंगण माणसांनी भरलेलं. "मोठ्या मनानं माफ केलंस हो सासूला," असं तीन-चार जणींनी मला सांगितलं. मी मान खाली घातली. महिना झाला, ते वाक्य टोचतंय... कारण माफी मी मागायची होती.

मी मराठ्यांची, हे मारवाडी जैन. आम्ही मनानं लग्न केलं आणि धुळ्यात संसार मांडला. बाईंनी "घरी येऊ नका" म्हणून निरोप धाडला. हे सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते असं, की सहा महिन्यांत त्यांचा राग उतरला. हे कामावर गेले की दुपारी फोन यायचा, "बेटा, मी बाई बोलतेय." तो निरोप मनात धरून मी रिसीव्हर ठेवून द्यायचे. जवळजवळ दोन वर्षं! ह्यांना अवाक्षर कळू दिलं नाही. आईच्या आठवणीनं ह्यांचा घास हातातच राहायचा आणि मी निमूट आणखी एक भाकरी वाढायचे.

मग पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी आली. वर्षभरात ज्यांचं मन दुखावलं, त्यांच्यापुढे त्या दिवशी हात जोडायचे, खमतखामणा करायचा, म्हणजे क्षमा मागायची. त्याशिवाय बाईंचं संध्याकाळचं प्रतिक्रमण, वर्षभरातल्या चुकांची कबुली, होत नसे. हे कामावर गेलेले, आणि दार उघडलं तर समोर बाई. आठ दिवसांच्या उपासाचा शेवटचा दिवस, पोटात अन्नाचा कण नाही, आणि एसटीनं एकट्या आलेल्या. मी घाबरून माठातलं पाणी दिलं. त्यांनी ग्लास हलकेच खाली ठेवला. "उपासाला उकळलेलं लागतं गं. असू दे." मी पातेलं चढवलं, उकळलेलं पाणी परातीत ओतलं, पंखा लावला, तरी ते लवकर निवेना. त्या तासाभरात आम्ही पहिल्यांदा बोललो. वांगं त्यांना वर्ज्य, तरी माझ्या भरिताची कृती त्यांनी नीट ऐकून घेतली. फोनचं नाव काढलं नाही. पाणी पिऊन त्यांनी माझ्यापुढे हात जोडले, सुनेला मारवाडीत म्हणतात तशी हाक मारली. "बिंदणी, मी तुमचं दोघांचं मन दुखावलं. खमतखामणा." मी कशीबशी "राहू द्या बाई" म्हणाले. माझ्या तोंडून पुढचं, माझ्या माफीचं, निघेचना! त्या वाट बघत थोडा वेळ थांबल्या, मग पिशवी उचलून बसस्टँडकडे निघाल्या.

बाई येऊन गेल्याचं मी ह्यांना सांगितलं, फोनचं नाही. दिवाळीला आम्ही जळगावला आलो ते कायमचेच. मला धर्म शिकवायला बाई कधी बसल्या नाहीत. स्वतः सूर्य मावळायच्या आत जेवायच्या. मी उशिरा जेवायला बसले की सोबतीला ताटाशी येऊन बसायच्या. माझ्या कांद्या-लसणासाठी मागच्या ओट्यावर वेगळी शेगडी त्यांनीच मांडून दिली. एवढी माया मला जन्मदात्या आईनंही क्वचित केली असेल. आणि दर संवत्सरीला हात आधी त्यांचे जुळायचे.

गेल्या संवत्सरीला त्या अंथरुणावर होत्या. तरी हात आधी त्यांनीच जोडले, आणि मला राहवलं नाही. "बाई, तुमचे फोन मी मुद्दाम ठेवून द्यायचे. ह्यांना अजून माहीत नाही." बाई हसल्या. अमळनेरची लेक, अहिराणी पक्की, माझ्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "माले बठ्ठं माहीत शे."

"सगळं माहीत होतं, मग संध्याकाळी, हे घरी असताना फोन का नाही केलात?"

"पोरगा तर माझाच होता, बेटा. फोन तुलाच करायचा होता... आता त्याला सांग."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. पण ह्यांना सांगायला धीर झाला नाही. बाई गेल्या तरी नाही. आज सकाळी हा लेख इथपर्यंत ह्यांना वाचून दाखवला. हे उठले, बाईंच्या खोलीत गेले आणि त्यांच्या पलंगावर बसून राहिले. दार मात्र त्यांनी लावलं नाही. मी उंबऱ्यापाशी हात जोडून उभी राहिले.