धाकटीच्या लग्नाची भिंत

एम.ए.चं पहिलं वर्ष संपवून उन्हाळ्यात मी महाळुंगे पडवळला घरी आले, तेव्हा धाकटीचं लग्न तोंडावर आलं होतं. मी थोरली. थोरलीच्या आधी धाकटीचं लग्न म्हणजे आमच्याकडे कुजबुज ठरलेली. पण मला पुढं शिकायचं होतं आणि तिला ओझरच्या अलीकडचं चांगलं बागायती स्थळ आलं होतं. "दोघींच्या मनासारखं व्हतंय, मग लोकांचं काय ऐकायचं," असं म्हणून अण्णांनी विषय मिटवला होता.

मी पुण्यात नेमकं काय शिकते, हे घरात कुणाला सांगता यायचं नाही. मलाही नाही. दृश्यकला आणि संवाद, असं लांबलचक नाव होतं त्या अभ्यासाचं. आई शेजारणींना 'ड्रॉइंगचं मोठं कालेज' म्हणून सांगायची आणि विषय बदलायची. वर्गातल्या बाकीच्यांच्या घरी चित्रं टांगलेली असायची, आमच्या घरी खतवाल्याचं कॅलेंडर. तोंड उघडलं की माझ्याकडून 'व्हतं' निसटायचं, म्हणून मी गप्पच बसायचे. गावी यावं तर मैत्रिणींच्या कडेवर पोरं. त्या प्रेमानं बोलायच्या, पण पाहुणीशी बोलावं तशा. रात्री अंथरुणात बडबड करायला एक धाकटी तेवढी उरली होती, आणि आता तीही निघाली होती.

आमच्याकडे लग्नघराची दर्शनी भिंत रंगवतात. आधी चुना, मग मंचरहून पेंटर येतो. दारावर गणपती, दोन्ही बाजूंना सोंड उचललेले हत्ती, केळीचे खांब, पोपट, भालदार-चोपदार, मधे नवरा-नवरीची नावं आणि खाली सुस्वागतम. बोटभर जागा मोकळी सोडत नाहीत. मी अण्णांना म्हटलं, यंदा पेंटर नको, भिंत मी रंगवते. अण्णा खूश झाले. इतक्या शिक्षणाचं काहीतरी एकदाचं डोळ्यांना दिसणार होतं.

आमचे सर वर्षभर एकच सांगत आले होते, की रिकामी जागा बोलते, तिला बोलू द्या. मी दिली. सबंध भिंत पांढरीशुभ्र ठेवली. वरच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत नावं लिहिली आणि उजवीकडे खाली एक पाठमोरी मुलगी काढली, हिरव्या लुगड्यातली, चालत निघालेली. बाकी काही नाही. लांब जाऊन बघितलं. आजवर इतकं चांगलं माझ्या हातून काही झालं नव्हतं. होस्टेलमधल्या मैत्रिणीचा कॅमेरा मागून आणला होता, त्यानं लगेच फोटो काढून ठेवला.

संध्याकाळी अण्णा रानातून आले, भिंतीपुढं थांबले आणि म्हणाले, "छान हाय. उंद्या पुरी करशील का?"

मी म्हटलं, झाली की पुरी. अण्णा पाय धुवायला गेले.

त्याच वर्षी खालच्या आळीत एक लग्न फिसकटलं होतं. पेंटरचं काम निम्मं झालं असताना मुलाकडचा निरोप आला आणि पेंटर डबे उचलून निघून गेला. एक हत्ती आणि अर्धा केळीचा खांब त्या भिंतीवर तसेच राहिले होते. त्यामुळे आमची भिंत बघून गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. दळण घेऊन आलेल्या चुलतीनं आईला हळूच विचारलं, "मोडलं का गं?" दुसरी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "थोरलीच्या हातात कशाला द्यायचं पर? तिच्या जिवाला काय कमी लागत असंल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला म्हटलं, काकू, तुम्हाला चित्रातलं कळत नाही. ती म्हणाली, "नसंल कळत बया, पण माणसातलं कळतं." त्या वाक्याचा राग मला आजही येतो.

पुढं बोलणं एसटीत बसून ओझरपर्यंत जायला कितीसा वेळ? मंचरच्या बाजाराला निघालेले नवरदेवाचे मामा वाट वाकडी करून आमच्या दारात उभे राहिले. आत यायला तयार नव्हते.

"या की पावणं, च्या घ्या," अण्णा म्हणाले.

"च्या ऱ्हाऊ द्या. भित अर्धीच ऱ्हायलीय तुमची. काय अडचण असंल तर आत्ताच सांगा, राव. आमच्या ताईनं दोन दिस झाले अन्नाला हात लावला न्हाई. पोरगी नाय म्हणतीया का?"

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. "अडचण कसली! थोरली काढतीया, तिचं काम बाकी हाय," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पोटच्या पोरीला त्यांनी कधी विनवलं नव्हतं. त्या दिवशी डोळ्यांनी विनवलं. मी रंगाचे डबे आणायला आत गेले.

माजघरात धाकटी भिंतीला टेकून बसली होती. रडून डोळे सुजले होते. मी म्हटलं, भरते सगळं, रडू नको. हत्ती काढते, त्या मुलीशेजारी नवरा काढते, झालं?

"तिच्याशेजारी नको," ती म्हणाली.

"का?"

"ती मी न्हाई, आक्का. मी कशाला एकटी जाईन? माझ्यासंगं नवरा हाय, वऱ्हाड हाय. ती तू हायेस."

मी तिथंच खाली बसले. चित्र काढताना नवरी म्हणून काढलं होतं, अगदी मनापासून. पण ती पाठ माझी होती. स्वारगेटला उतरून होस्टेलकडं जाणारी. हे वर्गात कुणाला दिसलं नसतं, आणि हिला दारातून एकदा बघून दिसलं. मला रडू फुटलं तेव्हा तिनंच माझं तोंड पदरानं पुसलं.

मग तिनंच युक्ती सांगितली. "माझी काढ मधी, ह्यांच्याशेजारी. आन् तिच्या हातात कऱ्हा दे. करवली व्हईल ती. करवली एकटीच असती, कोण काय म्हणतंय?"

दुपारपर्यंत हत्ती झाले, पोपट झाले, सुस्वागतमही झालं. मधे मुंडावळ्या बांधलेली जोडी उभी राहिली आणि कोपऱ्यात हातात कऱ्हा घेतलेली करवली. मामांनी उभ्या उभ्या सगळं होताना बघितलं, चहा घेतला आणि जिवात जीव आल्यासारखे बाजाराला गेले. लग्न थाटात झालं. खरी करवली मीच होते. वऱ्हाड गेल्यावर मी मांडवात खुर्च्या गोळा करायला लागले, आणि घरात मला आक्का म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी शेवटच्या परीक्षणाला मी पहिल्या भिंतीचा फोटो मोठा करून लावला. दुसरी भिंत लोकांची होती, ही माझी होती, आणि हीच चांगली होती असं मी अजूनही म्हणते. बाहेरून आलेले परीक्षक बराच वेळ फोटोपुढं उभे राहिले. "ही मुलगी कोण?" त्यांनी विचारलं. सासरी निघालेली नवरी, वगैरे उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं.

"मी," मी म्हणाले.

"वा," ते म्हणाले. "एकटेपणा फार सुंदर आलाय." आणि पुढच्या मुलाच्या चित्राकडं वळले.

संध्याकाळी निकाल लागला. खाली पोर्चमध्ये मुलांचे आईवडील पेढे वाटत होते. माझ्या घरच्यांना मी बोलावलंच नव्हतं, येऊन त्यांनी काय बघायचं म्हणून. सुंदर, हा शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी रस्ता ओलांडून फोनच्या बूथवर गेले आणि धाकटीच्या सासरी फोन लावला. ती गोठ्यातून धावत आली असावी, धाप लागली होती.

"काय झालं गं?"

"काही नाही. पास झाले. लई नावाजलं मला."

"मंग रडती कशापायी?"

तिकडं मागं सासूबाई कुणाला तरी धारेची वेळ झाली म्हणून सांगत होत्या. तिला सातवा महिना होता, तिला कुणी अंगणाबाहेर पाठवलं नसतं. हे तिलाही माहीत होतं.

"येऊ का मी तिकडं?" तिनं विचारलं.

"ये," मी म्हणाले.