नारळी पौर्णिमेनंतरचं धरण

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही, हे मला बरं वाटलं. काचबिंदूने बाबांचा उजवा डोळा गेला आहे, तो परत येणार नाही. डाव्याला समोरचं तेवढं दिसतं, तेही आक्रसत चाललंय. किती दिवस, असं मी विचारलं. महिना, दोन महिने, सांगता येत नाही, असं ते म्हणाले. बाबा शेजारच्या खुर्चीत बसून हे ऐकत होते. रिक्षात बसल्यावर त्यांनी फक्त भाडं किती ठरलं ते विचारलं.

बाबांना मालवणकडच्या आमच्या गावातून मीच जयपूरला आणलं होतं. नवऱ्याची रेल्वेतली नोकरी, बनी पार्कात भाड्याचं घर आणि मोठ्या डॉक्टरांची सोय, एवढाच विचार त्यामागे होता. बाबांनी जन्मभर छोट्या होडीतून मासे गरवले होते. गरी म्हणजे गळ. एका हातात दोर, तर्जनीवर त्याचा ताण, बाकी सगळं पाण्याकडे बघत बसणं. होडी मागच्या वर्षीच विकली होती.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना ते म्हणाले, "बाय, माका एकदा गरीक लागलेलो मासो बघूचो आसा. मगे खुशाल काळोख होवंदे."

त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मी कामाला लागले.

शहराजवळचा तलाव केव्हाच कोरडा पडला होता. आमच्या गल्लीतल्या एका गेस्टहाउसच्या काउंटरवर परदेशी पाहुण्यांसाठी एक पत्रक ठेवलेलं असायचं: कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीतून, मासेमारी, सोबत माहितगार माणूस, जयपूरपासून तीन तासांवरचं धरण. नंबर वैशाली नगरातला होता. फोनवर फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार भेटले. मी माझे प्रश्न कागदावर लिहूनच ठेवले होते. कयाक दोघांची आहे का, बसायला पाठ आहे का, लाइफ जॅकेट म्हाताऱ्या माणसाला होईल का, उलटली तर काय.

"अंकलजी तैरना जानते हैं?"

"तुमच्याआधीपासून," मी हिंदीत सांगितलं.

ते हसले. मग म्हणाले, "मैडम, बरसात में कोई आता नहीं. सितंबर-अक्टूबर में रखिए ना, आराम से."

ऑगस्ट चालू होता. नारळी पौर्णिमेला पाच दिवस होते. समुद्राला नारळ दिला की मासेमारी उघडते, हे मी चालायला लागले तेव्हापासून बघत आले आहे. म्हणून मी पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस सांगितला. सप्टेंबरपर्यंत कशाला थांबायचं? सुभेदार आळस करताहेत, असं मी धरून चालले आणि त्यांना थोडं झापलंही. "ठीक है मैडम, जैसा आप कहें," ते म्हणाले. मासेमारी सुरू आहे ना, हा एकच प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. तो विचारायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

पौर्णिमेला शेजारी सगळीकडे राख्यांची धावपळ होती. मी नारळीभात केला. बाबांनी एक नारळ वेगळा काढून त्याला सोनेरी कागद गुंडाळला. समुद्र नसला तरी धरणाला देऊ, म्हणाले. जेवणाच्या टेबलावर बसून ते दोन दिवस गऱ्या बांधत होते, नजर वर ठेवून, बोटांनीच. सुभेदारांनी आमिषासाठी कणकेच्या गोळ्या आणायला सांगितल्या होत्या. त्या मी हळद घालून मळत होते, तेव्हा बाबांनी एक चिमटीत धरली. "कणकेन गावतलो तो मासो आजारी आसतलो," असं म्हणून ती परत टाकली. खूप दिवसांनी ते काहीतरी गमतीचं बोलले होते.

धरणावर पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं आणि वारा अजिबात नव्हता. सुभेदारांनी जीपच्या टपावरून पिवळी कयाक उतरवली. बाबांनी ती हाताने चाचपली.

"ह्यां बसूचां की नेसूचां?"

मी भाषांतर करून सांगितलं, तसे सुभेदार मोठ्याने हसले. तेवढ्यात बांधावरून एक म्हातारा चौकीदार काठी हलवत खाली आला. धरणातले मासे ज्या ठेकेदाराचे, त्याचा तो माणूस.

"मछली मारना बंद है जी. अभी तो अंडा देवे है. पहली सितंबर से आओ."

सुभेदारांचा चेहरा उतरला. ते फक्त थंडीत यायचे, परदेशी लोकांना घेऊन. ऑगस्टमध्ये त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. "मैडम, मुझे पूछना चाहिए था," असं दोनदा म्हणाले. खरं तर मीच विचारायला हवं होतं.

मी चौकीदाराला बाजूला घेतलं. डोळ्यांचं सांगितलं. एकच मासा, तोही परत सोडून देऊ, असं सांगितलं आणि पर्समधून नोट काढली. तो नोटेकडे बघत राहिला. नको म्हणाला नाही.

"काय म्हणता तो?" बाबांनी मागून विचारलं.

मी सांगितलं.

"गाबोळी आसा मगे तेंच्या पोटात." ते माझ्याकडे वळले. "ठेव ती नोट. नारळ पडल्याशिवाय मी कधी होडी काढूक नाय. आता हय येवन चोरी करू?"

"बाबा, पौर्णिमा झाली की."

"हयच्या माशांका आमचां पंचांग खय ठावक?"

मी चिडले. तीन तासांचा रस्ता, पहाटे उठून केलेले डबे, आणि हे तत्त्व सांगताहेत. "पुन्हा जमेल न जमेल," मी म्हटलं. मला काय म्हणायचंय ते त्यांना कळलं.

सुभेदार म्हणाले, गळ राहू द्या, नुसती सैर करवून आणतो. बाबा नको म्हणाले. पण काठावरच्या त्या कयाकमध्ये जाऊन ते थोडा वेळ बसले. डाव्या डोळ्याने बघता यावं म्हणून त्यांनी मान उजवीकडे वळवली होती. पाणी चार हातांवर होतं. "पाणी खय सुरू होता?" त्यांनी विचारलं. मी दगड टाकून दाखवलं.

निघताना मी बाबांना नारळाची आठवण करून दिली. बंदी उठली नाही तर नारळ कसला, म्हणाले. नारळ तसाच घरी आला आणि देवघरात राहिला.

सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सुभेदारांचा फोन आला. "मैडम, खुल गया. अंकलजी को ले आइए, मेरी तरफ़ से." तोपर्यंत बाबांना ताटातला भात कुठे आणि आमटी कुठे, हे मी सांगायला लागले होते. तरी मी विचारलं.

"मासो गावलो तर तूच बघतलंस. मी येवन काय करू?"

मी सुभेदारांना नको म्हणून कळवलं.

त्या दुपारी बाबांनी नारळ फोडायला सांगितला. देवघरात किती दिवस ठेवतेस, आमटीत घाल, म्हणाले. मी फोडला. आत पाणी नव्हतं, खोबरं पिवळं पडून कुजलं होतं. मी तो कचऱ्यात टाकला आणि देवळाजवळच्या दुकानातून दुसरा आणला.

जेवताना त्यांनी बोटाने आमटी चाखली.

"तोच मां?"

"हो," मी म्हटलं आणि त्यांचा हात भातावर नेऊन ठेवला.