मामांच्या आवाजात पाटण्याचा संकल्प

काशीवर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही हात जोडून बसला असाल. आता आरती येणार, मग चिता, मग मोक्ष. सोडा हात, जरा ऐसपैस बसा. मी व्यापाराचं सांगणार आहे.

मी तालुक्याच्या शाळेतला. मार्क कमी, नकला भरपूर. पुढं शिकायला बनारसला मामांकडे आलो आणि आठवड्याभरात त्यांचाच आवाज उचलला. मामा दूधविनायक मोहल्ल्यात राहतात, पौरोहित्य करतात. महाराष्ट्रातून आलेल्या यजमानांना रामघाटावर नावेत बसवायचं, शहर दाखवायचं, मग गंगापूजन, असा त्यांचा शिरस्ता.

गेल्या हिवाळ्यात ऐन यजमान दारात आणि मामांचा गळा बसला. नुसती हवा येत होती. साताऱ्याकडची मंडळी, पहिल्यांदाच आलेली. मामी म्हणाली, "आज ही नाराज झाली तर पुढं त्यांचं सगळं गाव दुसऱ्या गुरुजींकडे जाईल. तू जा सोबत."

मामा माझ्या कानात कुजबुजले, "माहिती तू सांग. पूजा मी बघतो. और सुन, मस्करी नको."

नाव सुटली. मी मामांचा आवाज लावला आणि मंडळी खूश. मामांनी ह्याच नावेत मला जे शिकवलं होतं तेच सांगितलं. तो बघा पलीकडचा काठ, नुसती वाळू. पूर आला की गायब. हा आपला काठ उंच, टणक. म्हणून माल इकडे उतरला. खाली राजघाटाकडे, आता जिथं पूल आहे, तिथं जुनी वस्ती. उत्तरेकडून घोडे यायचे, इथलं कापड नावेत चढून पाटण्याला, तिथून पार समुद्रापर्यंत. मालामागं हमाल आले, हमालांमागं हलवाई, विणकर, सोनार. घाटावर उतरलेला माणूस गल्लीत शिरला आणि गल्ली वाढतच गेली. आम्ही भट मंडळी तर फार उशिरा आलो. सांगताना माझेच डोळे मोठे होत होते. एका नदीनं एवढं शहर अंगाखांद्यावर वाढवलं!

मग मला राहवेना. हमालाची आरोळी काढली, घासाघीस करणारा शेठ काढला. आजोबा लोक मांड्या थोपटत होते. म्हटलं, आता शेठची नाव निघतेय, त्याचा भटजी दाखवू. भटजी अर्थात मामांच्या आवाजात:

"हातात पाणी घ्या. म्हणा, माझी नाव, माझं कापड, पाटण्यापर्यंत सुखरूप पोचवीन."

आणि सगळ्यांनी पाणी घेतलं. डोळे मिटून म्हटलंसुद्धा. सोडलंसुद्धा.

नावाडी वल्हं थांबवून म्हणाला, "पंडितजी, ये सब पटना जाएँगे?"

एक काकू घाबरल्या. "गुरुजी, संकल्प सोडला की पुरा करावा लागतो ना? आमचं तर परतीचं रिझर्व्हेशन झालंय."

मामांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पूजेच्या ताटातली कापसाची वस्त्रं उचलली, पानाच्या एकेका द्रोणात एकेक ठेवलं, सगळ्यांच्या हातात दिलं आणि प्रवाहाकडे बोट केलं. गंगा पाटण्यालाच जाते. द्रोण डुलत निघाले. "गेलं आपलं कापड!" काकू म्हणाल्या आणि मामांना वाकून नमस्कार केला. उतरताना एक आजोबा म्हणाले, "पुढच्या वर्षी सगळी भावकी घेऊन येतो. मात्र हा पोरगा नावेत पाहिजे."

मला वाटलं, सुटलो.

घरी मामा पाटावर बसले आणि कुजबुजत सुरू झाले. मामी मोठ्यांदा सांगायला.

"म्हणतायत, मस्करी नको म्हटलं होतं ना?"

"भावकी येणार आहे, मामा."

कुजबूज वाढली.

"म्हणतायत, भावकी गेली खड्ड्यात. कापड घेऊन निघणारा माणूस परत येईल की नाही, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसायचं. ते पाणी तो जीव मुठीत धरून सोडायचा. शेठची नक्कल कर, माझी कर. हातात पाणी असलेल्या माणसाची करायची नाही. कळलं का, गाढवा?"

मामांनी हात हलवला. ते गाढव म्हणाले नव्हते.

"गाढव माझ्याकडून," मामी म्हणाली. "आणि आता मान खाली घाल, त्यांचं अजून संपलं नाही."