टॅबमधली बाई आणि वर्गातली बाई

उमाबाईंचं तोंड फटकळ आहे, हे हर्सूलकडच्या त्या शाळेत पहिलीच्या पोरांनाही ठाऊक होतं. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत कारकून. दोघांचीही हयात ‘हो यजमान’, ‘हो साहेब’ म्हणण्यात गेली. घराण्याची ती कसर उमाबाई एकट्यानं भरून काढत होत्या. असल्या माणसाच्या गळ्यात कुणालाच नको असलेलं काम हमखास पडतं. वाचता न येणाऱ्या पोरांचा जादा तास त्यांच्याकडं आला तो असाच.

साल दुष्काळाचं होतं. तलावाच्या तळाला भेगा पडल्या, शाळेचे नळ कोरडे पडले. शेजारी उठणाऱ्या इमारतींच्या सिमेंटला मात्र टँकर वेळेवर यायचे. सिमेंटची तहान माणसांपेक्षा मोठी, त्याला कोण काय करणार! त्या इमारतींवर कामाला पिशोरकडची माणसं आली, त्यांच्याबरोबर त्यांची पोरं. चौथीतली अपेक्षा त्यांतलीच. गावं बदलता बदलता तिची शाळा हुकत गेली आणि अक्षरं राहूनच गेली.

एका संस्थेनं अशा पोरांसाठी टॅब दिले आणि गोष्टींच्या पुस्तकांची पेटी दिली. पेटीला मुख्याध्यापक नानासाहेबांनी ताबडतोब कुलूप घातलं, कारण वाचली की पुस्तकं फाटतात. टॅब मात्र वाटले. त्यात एक ओळ दिसायची. कानाचं चित्र दाबलं की गोड आवाजात ती ओळ ऐकू यायची, मग पोरानं ती वाचायची. बरोबर आलं की ‘शाब्बास!’ आणि एक चांदणी. पोरं त्या आवाजाला ‘टॅबमधली बाई’ म्हणत. ती कधीच रागवायची नाही. उमाबाईंच्या मते हाच तिचा मोठा दोष होता.

अपेक्षानं चांदण्यांचा नुसता सडा घातला. उमाबाई हरखून गेल्या, शिक्षकांच्या खोलीत पेढेसुद्धा वाटले. मग सहज म्हणून त्यांनी आवाज बंद करून टॅब तिच्या हातात दिला, तर पोरगी मुकी. कानाचं चित्र दाबायचं, ऐकायचं आणि खिडकीबाहेरचा टँकर बघत जसंच्या तसं म्हणायचं, एवढंच ती करत आली होती. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

बाकीची पोरं खरोखर वाचायला लागली होती. संस्थेच्या यादीत वाचणारं मूल हिरव्या रंगात दिसायचं, आणि सगळी हिरवी झाली की टॅब, पेटी, जादा तास असं सारं पुढच्या शाळेला जायचं. शेवटची उरलेली अपेक्षा चांदण्यांच्या जोरावर हिरवी झाली आणि नानासाहेबांनी सन्मानासाठी हार सांगून ठेवला.

उमाबाईंनी संस्थेच्या मनस्विनी मॅडमना फोन लावला.

“बाई, आमच्याकडे तर ती हिरवी दिसतेय,” मॅडम समजुतीनं म्हणाल्या.

नानासाहेबांना सांगितलं तर ते उसळले. “मतदारयादीच्या कामातून सुटायला जादा तास पायजे तुम्हाला! मला काय कळत नाय व्हय?”

सन्मानाच्या दिवशी मॅडम आल्या. अपेक्षा नवी रिबीन बांधून उभी राहिली, तिची आई मालनबाई कामावर खाडा करून मागं बसली. उमाबाईंनी “टॅबचं चार्जिंग संपलंय” असं ठोकून दिलं आणि मॅडमसाठी उघडून ठेवलेल्या पेटीतलं नवंकोरं पुस्तक पोरीच्या हातात ठेवलं. अपेक्षानं पानाकडं पाहिलं, मग बाईंकडं. पानावर शेळीचं चित्र होतं. ते बघून ती शेळीची एक गोष्ट धडाधड सांगत सुटली. मॅडम तिच्या खांद्यावरून ओळीवर बोट ठेवून बघत होत्या. त्यांचं बोट पहिल्याच शब्दावर थांबलं. पानावर शेळी तळ्यावर निघाली होती, अपेक्षाची शेळी टँकरवर चढली होती. आधी एक पोरगा हसला, मग अख्खा वर्ग.

जादा तास वर्षभर वाढला. नानासाहेब बोलेनासे झाले, त्याचं उमाबाईंना काही वाटलं नाही. पण त्या पोरीची खाली गेलेली मान आठवून त्यांना स्वतःची लाज वाटत होती. आणि अपेक्षा शाळेत यायचीच थांबली.

शेवटी पुस्तक पिशवीत घालून उमाबाई इमारतीवर गेल्या. अपेक्षा टँकरच्या पाइपाखाली हंडा धरून उभी होती.

“पोरीला लई हसले, बाई,” मालनबाई एवढंच म्हणाली.

अपेक्षानं वर पाहिलं नाही. “मला येत नाय, तुम्हाला ठावं व्हतं?”

“हो.”

“टॅबमधल्या बाईला?”

“तिला कळत नव्हतं.”

“तुम्हाला कळत व्हतं, अन् तरी हसू दिलं?”

उमाबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि त्या तिथंच विटांच्या ढिगावर बसल्या. “ये. इथंच शिकवते, कुणी बघायला नाही.”

अपेक्षानं हंडा खाली ठेवला.

“इथं नाय,” ती म्हणाली. “जिथं हसले ना, तिथं शिकवा. समद्यांसमोर.”