गंगूआजीचा कागद

देवरे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. त्यांच्या पत्नी सुमनताई एवढंच म्हणाल्या, "चहा मागितला, आणि प्यायलेच नाहीत..." त्याला आता महिना होत आला. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की लेखणी माझ्याकडेच वळते.

नव्वदच्या दशकात सायखेड्याच्या पुढे, गोदाकाठच्या एका गावात मी मुख्याध्यापक होतो आणि सर सातवीला इतिहास शिकवायचे. मूळचे सटाण्याकडचे. चिडले की अहिराणीत "हाई काय शे रे?" म्हणायचे आणि वर्ग खुदखुदायचा. एका वर्षी त्यांनी पुस्तक मिटलं आणि मुलांना सांगितलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपलं गाव कसं होतं. शनिवारी शाळा सुटली की मुलं वह्या घेऊन दारोदार फिरू लागली. पुराचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं, नाव कोण चालवायचं, पहिल्या एसटीला कोणी ओवाळलं... मुलांचं शुद्धलेखन सर सुधारायचे, पण सांगणाऱ्याचा शब्द बदलू द्यायचे नाहीत.

सव्वीस जानेवारीला हे सगळं मोठ्या कागदांवर लिहून व्हरांड्यात लावायचं ठरलं. वस्तीवरच्या सुनंदाने तिच्या आजीचं, गंगूआजीचं, सांगणं लिहिलं होतं : 'दुष्काळात गावच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते. वरून पाणी ओतायचे, आम्ही खाली वंजळ धरून बसायचो. माझी धाकटी रांगेतच तापानं गेली.'

आदल्या संध्याकाळी गावातले दोघे-तिघे वजनदार लोक माझ्याकडे आले. "सर, पाहुणे येणारेत. गावाची शोभा कशाला करता?" त्यांनी धमकी दिली नाही, गरजच पडली नाही. सकाळी झेंडावंदनाच्या आधी मी तो कागद काढला आणि फाडून टाकला.

गंगूआजी ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. तिला वाचता येत नव्हतं. सुनंदाचा हात धरून ती एकेका कागदापुढे थांबत गेली. शेवटी सरांना म्हणाली, "माझं कुठं हाय, गुरुजी?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आजी, जागा पुरली नाही." ती लगेच मान हलवून म्हणाली, "असू द्या. लय मोठी मानसं आली असतील." सुनंदा मात्र खाली बघत राहिली.

कार्यक्रमानंतर सर ऑफिसात आले. "कागद द्या, मी माझ्या घरी लावतो." फाडला म्हटल्यावर ते वळले आणि घरी निघून गेले. पुढच्या वर्षी मुलांनी विचारलं, सर, यंदा कधी फिरायचं? त्यांनी पुस्तक उघडलं. सुनंदाकडून पुन्हा लिहून घ्यावं, असं मला कितीदा वाटलं; पण पावसाळ्यात गंगूआजी गेली, आणि सुनंदाला विचारायचं तोंड मला नव्हतं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघेही नाशकात राहायला आलो. दर गुरुवारी मी त्यांच्याकडे जायचो. चहा व्हायचा, तब्येतीची चौकशी व्हायची. त्या दिवसाचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. मी काढायला हवा होता...

परवा सुमनताईंना भेटायला गेलो. त्या सांगत होत्या, "कोणीही आलं की यांचं एकच. रिक्षावाला असो, दवाखान्यातली नर्स असो. तुझं गाव कोणतं? तिथं सगळ्यात म्हातारं कोण आहे? त्यांच्याशी बोलतोस का?" मी मान हलवत राहिलो. त्याच खोलीत, त्यांच्या खुर्चीसमोर, मी इतकी वर्षं बसलो. मला त्यांनी हे कधीच विचारलं नाही.