मास्तरांना हवी होती वीस वर्षं

शिवशरण मास्तर सत्तरीत प्रेमात पडले आणि तेव्हापासून त्यांना आयुष्य कमी पडायला लागलं.

तोवर तशी काही तक्रार नव्हती. उभा जन्म लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात गेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बेळगावला सुखात होती. संध्याकाळी कंबर तलावाच्या कडेनं शीळ घालत फिरायचं, येताना भजी खायची आणि झोपायचं. एकदा असेच शीळ घालत चालले असताना मागून आवाज आला, "अहो, वरचा सूर चुकतोय की!"

मास्तरांनी वळून पाहिलं. मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या राजाबाई होत्या. अक्कलकोटकडच्या, ताठ चालीच्या, रागावल्या की थेट कानडीत शिरणाऱ्या. आजवर मास्तरांच्या सुरात कुणी चूक काढली नव्हती. ते तिथंच गार झाले.

पुढं रोज भेटी व्हायला लागल्या. मास्तरांनी नवा शर्ट शिवला, मिशीला कलप लावला, आणि एका संध्याकाळी बाकावर बसून लग्नाचं विचारूनच टाकलं.

राजाबाईंनी आधी पदर सावरला. मग म्हणाल्या, "एकदा माणूस गमावलंय मी. पुन्हा ते सोसायची ताकद न्हाय. अजून वीस वर्षं जगणार असाल तर बोला."

त्या हे अर्ध्या थट्टेत बोलल्या होत्या. मास्तरांनी मात्र ते अक्षरशः घेतलं. रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठले ते थेट होटगी रोडला गेले, कारण तिथं त्यांनी भलीमोठी पाटी पाहिली होती : दीर्घायुष्य केंद्र.

आत कारंजं, अत्तराचा वास आणि काचेच्या पेल्यात काकडीचं पाणी. दर विचारला तर सुटाबुटातला पोरगा हसून म्हणाला, "आधी बसा तर काका." रक्त घेतलं, बोटाला चिमटा लावला, यंत्रावर उभं केलं. दुसऱ्या दिवशी निकाल आला : मास्तरांच्या शरीराचं वय अठ्ठावन्न! हे वय टिकवायला 'अमृत पॅकेज' घ्या, आजच भरलंत तर निम्म्यात.

मास्तर हवेतच. रिक्षावाल्याला त्यांनी सुट्टे पैसेही परत मागितले नाहीत. "बाई, मी तुमच्यापेक्षा लहान हाय!" त्यांनी राजाबाईंच्या दारातूनच ओरडून सांगितलं. बँकेतली ठेव मोडायचा बेत होता.

राजाबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. "मास्तर, भेंडीसुद्धा आपण मोडून बघतो. आज घेतलं तर निम्म्यात, म्हणजे उद्या दुप्पट? मग खरी किंमत कंची? चला, दुसरीकडं बघू."

त्याच आठवड्यात दोघं दुसऱ्या ठिकाणी गेले. तिथल्या यंत्राचं मत वेगळं पडलं. मास्तरांच्या शरीराचं वय म्हणे त्र्याऐंशी! ताबडतोब सलाइनमधून जीवनसत्त्वं द्यायला हवीत, दर महिन्याला.

परतताना दोघं रिक्षात बसले. मग राजाबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "चार दिवसांत पंचवीस वर्षं म्हातारे झालात," त्या म्हणाल्या, "माझ्या काळजीनं का?" आणि त्यांना असं हसू फुटलं की चष्मा मांडीवर पडला. मास्तरही लागले हसायला. रिक्षावाल्यानं बाजूला थांबून विचारलं, "आजी, पाणी देऊ का?" त्यावर दोघं आणखीच हसले.

मग त्यांना छंदच लागला. मास्तर नवा शर्ट घालत, राजाबाई इरकल नेसत, आणि दोघं दीर्घायुष्य शोधायला निघत. एका मंगल कार्यालयातल्या फुकट शिबिरालाही गेले. तिथं आलेल्या प्रत्येकाच्या अंगात एकच गोष्ट कमी निघाली आणि तिची पावडर दाराशीच विकायला ठेवलेली होती. "फुकटचं लई महाग पडतं," मास्तर म्हणाले.

राजाबाईंचा प्रश्न सगळीकडं एकच असे : "ही तपासणी चांगली आली तर काय कराल, आणि वाईट आली तर काय कराल?" दोन्हीला उत्तर 'सलाइन' आलं, की त्या पर्स उचलत.

शेवटी कुणीतरी डॉ. बुद्धप्रियांचं नाव सांगितलं. औषधाच्या दुकानावरच्या माडीवर दोन खोल्या. कशाला किती पैसे, ते दारातच भिंतीवर लिहिलेलं. राजाबाईंनी प्रश्न टाकला, तशी डॉक्टरीण म्हणाली, "वाईट आली तर उपचार करू. चांगली आली तर घरी जा. दोन्हीत काही फरक पडणार नसेल तर ती तपासणीच करायची नाही."

राजाबाई पहिल्यांदाच खुर्चीत नीट टेकून बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना हात न टेकता खुर्चीतून उठायबसायला लावलं, चालायला लावलं, मूठ आवळायला सांगितली. फुप्फुसांसाठी नळीत फुंकायला दिलं तेव्हा मास्तरांचा जुना जोश उसळला. ते फुंकतच राहिले, फुंकतच राहिले. "बास, बास, आजोबा! यंत्र माझंय!" सगळी खोली हसली.

मग रक्तदाब मोजला. डॉक्टरीणबाईंनी हसू आवरून पुन्हा मोजला.

"हा बराच वाढलाय. आधी कुणी सांगितलं नाही?"

कारंज्याच्या ठिकाणी कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांचा चेहरा पडला. गोळी साधी होती, सरकारी दवाखान्यातही मिळण्यासारखी. मीठ कमी, चालणं चालू, दोन आठवड्यांनी परत दाखवायचं. सलाइन नाही, पावडर नाही.

"आणि शरीराचं वय?" मास्तरांनी चाचरत विचारलं.

"ते मी सांगत नाही. ज्याचं यंत्र, त्याचा आकडा."

"बरं, पण वीस वर्षं तरी...?"

"ती हमी मी माझ्या आईलाही दिली नाही, आजोबा."

मास्तर पुढं होऊन जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर ते खाली मान घालून म्हणाले, "बाई, तुमची अट काय मला पुरी करता यायची न्हाय."

"पुरी करतो म्हणणारे सगळे लबाड निघाले," राजाबाई म्हणाल्या, "हमी न्हाय म्हणणारी एकच खरी भेटली. वीस का दोन, कुणाला ठाऊक? मग हितं रस्त्यात उभं राहून ती वाया कशाला घालवायची?"

मास्तरांना क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा ते भर बाजारात असे मोठ्यानं ओरडले की समोरच्या दुकानातला माणूस कापड मोजता मोजता थांबला.

महिनाभराच्या नोटिशीनंतर दोघं विवाह नोंदणीच्या कचेरीत हजर झाले. बेळगावहून मुलगी आणि जावई आले होते. कारकुनानं चष्म्यावरून मुलीकडं आणि जावयाकडं पाहिलं आणि म्हणाला, "नवरा-नवरी, पुढं या."

"आमी हाय की!" मास्तर मागून ओरडले, आणि राजाबाईंचा हात धरून मुलीला-जावयाला बाजूला सारत पुढं घुसले.